डाळिंबाचं फूल देठाकडून बघा

डाळिंबाला पहिल्यांदा कळ्या धरल्या की सकाळी पावलं आपोआप झाडाकडे वळतात. आणि मग थोड्याच दिवसांत झाडाखाली लाल फुलांचा सडा पडलेला दिसतो. जीव कळवळतो. कुणी म्हणतं पाणी कमी पडलं, कुणी म्हणतं खत घाला, कुणी फवारणीचं औषध सुचवतं. घाबरून हे तिन्ही एकदम केलं तर जी फुलं टिकणार होती तीही जातात. नव्याने डाळिंब लावलेल्यांना माझं सांगणं एकच असतं: काहीही करण्याआधी गळलेलं एक फूल उचला आणि ते देठाकडून बघा. ते फळ धरणारं होतं की नव्हतंच, हे तिथे स्पष्ट दिसतं. निगा कशी राखायची ते त्यानंतर ठरवायचं. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे: आधी ओळख, मग काळजी.

पहिली पायरी: कळी आणि फूल नीट पाहणं

डाळिंबाचं शास्त्रीय नाव प्युनिका ग्रॅनाटम. ते स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली दिलं. पूर्वी त्याचं कुळ स्वतंत्र मानत. आता त्याची गणना लिथ्रेसी कुळात होते, म्हणजे मेंदी आणि तामण ही त्याची भावकी. तामणाचं फूल कधी जवळून पाहिलं असेल तर हे नातं लगेच पटेल. दोन्हीकडे चुरगळलेल्या पाकळ्या आणि मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा दाट झुबका. डाळिंबाच्या वंशात दुसरी एकच जाती आहे. ती येमेनच्या सोकोत्रा बेटावर वाढते आणि तिची फुलं गुलाबी असतात.

फुलं येतात ती नव्या फुटीच्या टोकाला किंवा आखूड फांदीवर पानाच्या बगलेत. कधी एकटं फूल असतं, कधी जोडी, कधी चार-पाच कळ्यांचा घोस. ही नवी फूट बहुतेक वेळा आधीच्या हंगामात पक्व झालेल्या काडीवर निघते. ही गोष्ट लक्षात ठेवा, छाटणीच्या वेळी ती कामाला येईल.

कळी सुरुवातीला हिरवी आणि इतकी बारीक असते की नव्या माणसाला ती पानाचा कोंब वाटते. काही दिवसांत ती लालसर, मग गडद शेंदरी-लाल होते. हा लाल रंग पाकळीचा नव्हे. बाहेरचं जे जाड, चिवट, चामड्यासारखं आवरण आहे तो निदलपुंज, आणि डाळिंबात तोच फुलाचा मुख्य भाग म्हणायला हवा. त्याची खालची बाजू एकसंध असते आणि वरचं टोक ५ ते ८ त्रिकोणी दलांत फाटतं. जितकी दलं तितक्याच पाकळ्या, पुष्कळदा सहा. कळी दिसू लागल्यापासून उमलेपर्यंत हवामानाप्रमाणे दोन ते चार आठवडे जातात.

उमलण्याचा क्षण गाठता आला तर अवश्य गाठा. जाड आवरणाचं टोक चिरतं, दलं बाहेर वळतात आणि आतून पाकळ्या घडी घालून कोंबलेल्या रेशमी रुमालासारख्या बाहेर पडतात. त्या पूर्ण उघडल्या तरी सुरकुत्या तशाच राहतात. तो दोष नाही आणि पाणी कमी पडल्याची खूणही नाही. डाळिंबाची पाकळी अशीच असते. फूल साधारण ३ ते ५ सेंटिमीटरचं. वास जवळजवळ नसतोच. नेहमीचा रंग नारिंगी-लाल, पण पांढऱ्या, पिवळसर, गुलाबी आणि पट्टेदार फुलांचे वाणही आहेत.

पाकळ्या दोन ते चार दिवसांत झडतात. त्यांचं वाईट वाटून घेऊ नका. जाड निदलपुंज मात्र फळ धरलं की शेवटपर्यंत टिकतो. पिकलेल्या डाळिंबाच्या टोकाला जो मुकुट असतो तो हाच. एखाद्या पिकल्या फळाच्या मुकुटात डोकावून पाहा, वाळलेले पुंकेसर अजून तिथेच सापडतील.

दुसरी पायरी: घट की घंटा

डाळिंबाच्या एकाच झाडावर दोन तऱ्हेची फुलं येतात, आणि नवशिक्यांची बहुतेक चिंता हे माहीत नसल्यामुळे असते.

एका फुलाचा आकार घटासारखा. देठाकडचा भाग फुगीर, गोलसर, मग किंचित आवळलेला गळा आणि वर उघडलेली दलं. हे द्विलिंगी फूल. यात पराग आहे आणि फळ धरणारा पूर्ण वाढलेला अंडाशयही आहे. बागायतदार याला मादी कळी म्हणतात. दुसऱ्या फुलाचा आकार घंटेसारखा. देठाकडे निमुळतं, टोकदार, आणि वर पसरट होत गेलेलं. यातला स्त्रीकेसर अर्धवट वाढून थांबलेला असतो. हे फूल व्यवहारात नर. ते पराग देतं, दोन-चार दिवस झाडावर दिसतं आणि गळतं. त्याने गळायलाच हवं.

हा फरक पुस्तकी वाटत असेल तर दोन फुलं घ्या आणि धारदार ब्लेडने देठापासून टोकापर्यंत उभा छेद द्या. घटाकार फुलात तळाशी एक कप्पा दिसेल आणि त्यात पांढरे, ओलसर, मोहरीहूनही बारीक दाणे दाटीने बसलेले असतील. हे बीजांड, फळात एकेका बीजांडाचा एकेक दाणा होतो. त्या कप्प्यातून एक जाडसर दांडा सरळ वर जातो आणि त्याचं टोक, म्हणजे कुक्षी, पुंकेसरांच्या बरोबरीला किंवा त्यांच्याही वर आलेलं असतं. कुक्षी हाताला किंचित चिकट लागते. आता घंटाकार फूल बघा. तळाशी जागाच नाही. दांडा आखूड, बारीक, पुंकेसरांच्या गर्दीत खाली कुठेतरी दडलेला. हे फूल वाचवण्यासाठी कोणतंही खत किंवा औषध उपयोगाचं नाही, कारण फळ होण्यासाठी लागणारी गोष्ट त्यात तयारच झालेली नाही.

या दोहोंच्या मधलंही एक फूल असतं: दांडा मध्यम, तळ थोडासा फुगलेला. त्याला कधी फळ धरतं, पण ते पुष्कळदा वेडंवाकडं होतं किंवा लहानपणीच गळतं.

झाड असं का करतं? फळ वाढवायला पाच ते सात महिने लागतात आणि त्यासाठी झाडाला मोठा साठा खर्च करावा लागतो. पराग बनवणं त्या मानाने स्वस्त. म्हणून झाड आपल्या ताकदीएवढीच फळाची फुलं काढतं आणि बाकीची परागापुरती. झाड अशक्त असेल, सावलीत असेल किंवा आधीच फळांनी लदलेलं असेल तर घंटाकार फुलांचं प्रमाण वाढतं. वाणावरही बरंच अवलंबून आहे. तरी एक सर्वसाधारण गोष्ट सांगता येते: बहाराच्या सुरुवातीला येणाऱ्या फुलांत घटाकार जास्त असतात, शेवटी शेवटी येणाऱ्यांत घंटाकार. घोसातही असंच. मधली, टोकाची कळी आधी उमलते, ती मोठी असते आणि तीच बहुधा घटाकार निघते. बाजूच्या कळ्या घंटाकार. म्हणून पहिल्या फुलोऱ्याला जपा. नंतरचा फुलोरा डोळ्यांना सुखावतो, पण फळाची भिस्त पहिल्यावर असते.

कळी सेंटिमीटरभर झाली की बाहेरूनही अंदाज येऊ लागतो. फुगीर, लांबट, तळाशी भरलेली कळी घटाची. तळाशी चिमटलेली घंटेची. दोन-चार दिवस लक्ष देऊन पाहिलंत की डोळा बसतो, मग ब्लेड लागत नाही.

तिसरी पायरी: ऊन आणि जागा

डाळिंबाला ऊन हवं, आणि भरपूर. रोज किमान सहा तास थेट ऊन मिळत नसेल तर झाड जगेल, पानं छान येतील, पण फुलं मोजकी आणि त्यातली बरीचशी नर. जागा ठरवताना फुलोऱ्याच्या काळात तिथे ऊन किती वेळ असतं ते बघा, कारण ऋतूप्रमाणे सावली सरकते. जोराच्या वाऱ्यापासून थोडा आडोसा असावा. उमललेलं फूल जड असतं आणि काटेरी फांदी वाऱ्याने हलली की शेजारचं फूल ओरबाडून निघतं.

माती पाण्याचा निचरा होणारी हवी. डाळिंब हलक्या, चुनखडीच्या आणि थोड्याफार क्षारयुक्त जमिनीतही तग धरतं. जे सहन होत नाही ते म्हणजे मुळांशी साचलेलं पाणी. एवढं पाळलं की मातीच्या बाबतीत हे झाड फारसं मागणारं नाही.

चौथी पायरी: पाणी, आणि इथे घाई नको

सगळ्या निगेत फुलांवर सर्वांत जास्त परिणाम पाण्याचा होतो. डाळिंब हे कोरडं हवामान सोसणारं झाड म्हणून ओळखलं जातं आणि ते खरंच आहे. पण झाड पाण्याशिवाय जगणं वेगळं आणि फुलं टिकवणं वेगळं. झाड तहानलं की ते सर्वांत आधी फुलांचा भार कमी करतं. देठाच्या सांध्यात पेशींचा एक थर सैल होतो आणि फूल अलगद सुटतं. मग दिसायला हिरवंगार असलेलं झाडही घटाकार फुलं टाकू लागतं.

त्याहून जास्त नुकसान होतं ते पाणी एकदम जास्त दिल्याने. आठवडाभर विसरून मग एका संध्याकाळी बादल्या ओतल्या की मुळांना धक्का बसतो. मातीतली हवा निघून जाते, मुळं काही काळ नीट काम करू शकत नाहीत आणि दोन-तीन दिवसांत कळ्या पिवळ्या पडून गळतात. बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून तो आणखी पाणी घालतो.

हवा तो वाफसा: माती ओलसर, मुठीत दाबली तर गोळा होईल, पण हाताला चिखल लागणार नाही. कुंडीत बोट चार-पाच सेंटिमीटर खोल घालून बघा. कोरडं लागलं तर पाणी द्या आणि कुंडीच्या तळातून थोडं झिरपेपर्यंत द्या. ओलसर लागलं तर थांबा. जमिनीतल्या झाडाला वरवर शिंपडून उपयोग नाही. पाणी फूटभर खोल जायला हवं आणि ते बुंध्याशी नव्हे तर फांद्यांच्या घेराखाली, जिथे खाणारी मुळं असतात तिथे द्यायला हवं. आळं करायचं तर त्या घेराइतकं मोठं करा. वर वाळल्या पाल्याचं पाच-सात सेंटिमीटर आच्छादन घाला, बुंध्यापासून मात्र वीतभर लांब. आच्छादनामुळे मातीतला ओलावा दिवसागणिक वर-खाली होत नाही, आणि फुलांना नेमकं हेच हवं असतं.

मध्ये खंड पडला असेल आणि माती खडखडीत झाली असेल तर काय करायचं? पहिल्या दिवशी नेहमीच्या निम्मं पाणी, दोन दिवसांनी पुन्हा थोडं, मग नेहमीच्या लयीवर या. फुलं उमललेली असताना पाइपने झाडावरून पाणी मारू नका. पराग भिजून निकामी होतो आणि फुलाच्या पेल्यात साचलेलं पाणी बुरशीला आमंत्रण देतं.

व्यावसायिक बागांत झाडाला मुद्दाम ताण देतात. पाणी तोडतात, पानगळ करतात आणि मग पाणी सुरू करून एकाच वेळी सगळा बहार घेतात. ही पद्धत परिणामकारक आहे, पण ती भरलेल्या, प्रौढ झाडासाठी. तीन वर्षांच्या आतल्या झाडावर किंवा कुंडीतल्या झाडावर तिचा प्रयोग करू नये. कुंडीतली माती इतक्या झपाट्याने वाळते की ताण कुठे संपला आणि मुळं मरायला कुठे लागली ते कळत नाही.

पाचवी पायरी: खत

इथे थोडक्यात सांगण्यासारखं आहे. नत्र जास्त झालं की झाड पानांत आणि लांबलचक फुटव्यांत रमतं, फुलं मागे पडतात. म्हणून कळ्या दिसू लागल्यावर युरिया किंवा तशी नत्राची खतं देऊ नका. नत्राची गरज भागवायची ती त्याआधी, नव्या फुटीच्या सुरुवातीला. चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत सर्वांत सुरक्षित; कुंडीला वाढीच्या काळात महिन्याला दोन मुठी पुरतात. फुलोऱ्याच्या काळात पालाश (पोटॅश) जास्त असलेलं खत कमी मात्रेत चालतं. बोरॉन आणि जस्त ही सूक्ष्मद्रव्यं फलधारणेला मदत करतात हे खरं, पण बोरॉनची गरजेची मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडं आहे. पान किंवा माती तपासून कमतरता दिसली तरच ते द्या.

सहावी पायरी: कात्री कधी लावायची

आधी सांगितलं की फुलं पक्व काडीवरच्या नव्या फुटीला येतात, तीही टोकाशी. म्हणजे कळ्या निघण्याच्या सुमारास झाडाला आकार देण्यासाठी सगळी टोकं कापली तर त्या बहाराची फुलं आपल्याच हाताने कापली जातात. मुख्य छाटणी झाड विश्रांतीत असताना, नवी फूट निघण्यापूर्वी करावी. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि आत वळलेल्या फांद्या काढा, मधोमध ऊन आणि हवा शिरेल इतकी मोकळीक ठेवा. जुन्या आखूड फांद्या दिसायला बेढब असतात म्हणून त्या तोडण्याचा मोह होतो. तो टाळा, चांगली फुलं तिथेच धरतात.

बुंध्यातून निघणारे फुटवे मात्र वर्षभर दिसतील तेव्हा काढावेत, आणि लहान असतानाच. ते सरळ, जोमदार, गुळगुळीत वाढतात, फुलं देत नाहीत आणि झाडाचं अन्न ओढून घेतात. एकखोडी झाड ठेवायचं की तीन-चार खोडं राखायची हे आवडीवर आहे. फांद्यांच्या टोकांना काटे असतात, तेव्हा हातमोजे घाला.

फुलोरा चालू असताना कात्रीचं काम एवढंच: बुरशी आलेली, काळी पडून फांदीलाच चिकटलेली फुलं काढणं. निरोगी घंटाकार फुलं तोडू नका. ती आपली आपण गळतात, आणि गळेपर्यंत मधमाश्यांना पराग पुरवतात.

सातवी पायरी: परागीभवनाला हात

डाळिंब स्वतःच्या परागानेही फळ धरतं, त्यामुळे एकच झाड असलं तरी चालतं. पराग एका फुलातून दुसऱ्यात नेण्याचं काम प्रामुख्याने मधमाश्या करतात. भुंगेरेही हातभार लावतात. वाऱ्याने फारसं काही होत नाही. जवळपास मधमाश्या दिसत नसतील, झाड उंच गच्चीत किंवा जाळीच्या आड असेल, तर हे काम आपण करायचं.

सकाळी दव ओसरल्यावर, ऊन कडक होण्याआधी, नुकतं उमललेलं घंटाकार फूल खुडा. त्याच्या पाकळ्या काढून टाका म्हणजे पुंकेसर उघडे पडतील. परागकोशांवर बोट टेकवलं आणि पिवळी भुकटी लागली तर पराग तयार आहे. हे फूल घटाकार फुलाच्या मधल्या चिकट कुक्षीवर हलकेच फिरवा. दोन-तीन वेळा टेकवलं की पुरे. एका नर फुलाने तीन-चार फुलं सहज होतात. फूल खुडायचं नसेल तर मऊ, कोरडा कुंचला वापरा. कुक्षी दोन-तीन दिवस पराग घेऊ शकते, तेव्हा दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा केलं तर चांगलंच. कुक्षीवर जितका भरपूर पराग पडेल तितकी जास्त बीजांडं फळतात, आणि फळही भरीव होतं.

मधमाश्या येत असतील तर हे काहीही करू नका. आणि फुलं उघडी असताना कीटकनाशक फवारू नका, मग ते सेंद्रिय असो की रासायनिक. या एका बाबतीत मी कुणाचीही अडचण ऐकून घ्यायला तयार नाही. फवारणी अगदीच गरजेची असेल तर ती संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर, आणि उमललेली फुलं वगळून.

आठवी पायरी: गळ साधी आहे की काळजीची

आता पुन्हा झाडाखालच्या सड्याकडे या. मूठभर फुलं उचला आणि तळ बघून दोन ढीग करा.

घंटाकारांचा ढीग मोठा असेल आणि घटाकार एखाद-दुसरं असेल, तर काहीही करायचं नाही. निम्म्याहून जास्त फुलं नर असणं आणि ती सगळी गळणं हे निरोगी झाडाचं लक्षण आहे. काही वाणांत तर नर फुलांचं प्रमाण याहून बरंच वर जातं.

घटाकार फुलंही बऱ्याच संख्येने पडत असतील तर देठ बघा. देठ हिरवा, सांधा स्वच्छ आणि पाकळ्या पूर्ण उमलून सुकलेल्या असतील तर फुलाला पराग मिळाला नसण्याचीच शक्यता जास्त. हाताने परागीभवन करून पाहा. कळी न उमलताच पिवळी होऊन पडत असेल तर पाण्याचा हिशेब तपासा. गेल्या आठवड्यात माती फार सुकली होती का, किंवा त्यानंतर एकदम भिजली का? पारा चाळिशीच्या वर गेल्यावर पाकळ्यांच्या कडा करपतात आणि कुक्षी लवकर सुकते. अशा दिवसांत कुंडी दुपारपुरती जाळीच्या विरळ सावलीत सरकवा. फुलावर भोक, चिकटा, काळे डाग किंवा राखाडी लव दिसली तर प्रकरण कीड-रोगाचं आहे.

नववी पायरी: कीड आणि रोग

कोवळ्या कळ्यांवर आणि शेंड्यांवर मावा येतो. पानं आणि कळ्या चिकट लागतात, मुंग्यांची रांग दिसते. सुरुवातीला पाण्याचा बारीक पण जोरकस फवारा कळ्या अजून बंद असताना मारला तरी बराचसा मावा निघून जातो. ढालकिडे दिसले तर त्यांना राहू द्या, ते मावा खातात. फुलकिडे फार बारीक असतात. फूल पांढऱ्या कागदावर झटकलं की पिवळट-तपकिरी रेघांसारखे पळताना दिसतात. त्यांनी खरवडलेल्या जागी पुढे फळावर खरखरीत डाग राहतो. पिठ्या ढेकूण निदलपुंजाच्या दलांत लपून बसतो; कमी असेल तर साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने पुसून काढता येतो. तिन्हींसाठी कळीच्या अवस्थेत कडुनिंबाचं तेल, लिटरभर पाण्यात तीन ते पाच मिलिलिटर आणि थोडासा सौम्य साबण, संध्याकाळी फवारावं. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस बघावं.

सर्वांत हुशार शत्रू म्हणजे डाळिंबाचं फुलपाखरू. त्याची मादी फुलांवर, निदलपुंजावर आणि कोवळ्या फळांवर एकेक अंडं घालते. अळी आत शिरते आणि मग बाहेरून औषध मारण्यात अर्थ उरत नाही. म्हणून लक्ष ठेवायचं ते फुलाच्या अवस्थेतच. भोक पडलेली फुलं आणि फळं वेचून नष्ट करा, झाडाखाली पडू देऊ नका.

बुरशीचा धोका दमट हवेत. राखाडी बुरशी गळू पाहणाऱ्या पाकळ्यांवर वाढते आणि तिथून फळाकडे सरकते. दुसरी, अल्टरनेरिया, अधिक फसवी आहे. ती फुलातून आत जाते आणि मुक्काम करते. फळ बाहेरून धडधाकट दिसतं आणि कापल्यावर आतले दाणे काळे निघतात. त्यावर फळाच्या वेळी इलाज नाही. फुलोऱ्यात झाड मोकळं, कोरडं ठेवणं आणि जुन्या बहाराची वाळून लटकलेली फळं आधीच काढून टाकणं हाच उपाय. पानांवर, फुलांवर तेलकट, काळपट डाग पसरताना दिसले तर तो तेल्या, म्हणजे जिवाणूजन्य करपा असू शकतो. तो पाण्याच्या शिंतोड्यांनी आणि कात्रीच्या पात्यानेही पसरतो. डागाळलेला भाग त्याच्या लगतच्या थोड्या निरोगी भागासह कापून काढा, जाळा, आणि प्रत्येक कापानंतर पातं निर्जंतुक करा.

कुंडीतलं आणि शोभेचं डाळिंब

केवळ फुलांसाठी डाळिंब लावायचं असेल तर बुटकं 'नाना' हे नवख्यांसाठी उत्तम. ते मीटरभर उंच होतं, लहान वयात फुलू लागतं, आणि त्याला फळंही लहान लहान धरतात. दहा-पंधरा लिटरच्या कुंडीत ते आनंदात राहतं. मोठ्या वाणाला चाळीस लिटरची तरी कुंडी हवी. दर दोन-तीन वर्षांनी कुंडी बदलावी, फुलोऱ्यात कधीही नाही.

दुहेरी पाकळ्यांच्या वाणांत पुंकेसरांच्याही पाकळ्या झालेल्या असतात. फूल भरगच्च दिसतं, झाडावर जास्त दिवस टिकतं, पण फळ बहुधा धरत नाही. फुलदाणीत लावायला हीच घ्यावीत. साध्या डाळिंबाची फांदी आणलीच तर अर्धवट उमललेली, घंटाकार फुलांची आणा, म्हणजे फळाचंही नुकसान होत नाही.

फांदी लावून किंवा गुटी करून, म्हणजे झाडावरच फांदीला मुळं फोडून, केलेलं झाड साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी नीट फुलू लागतं. बियांपासून केलेल्याला जास्त वेळ लागतो आणि फुलं-फळं आईच्या झाडासारखी येतील याची खात्री नसते. पहिल्या वर्षी कळ्या आल्या तर खुडून टाका. हात धजावत नाही हे मला ठाऊक आहे, पण त्या वर्षी झाडाने मुळं आणि फांद्या वाढवायला हव्यात.

दहावी पायरी: फूल फळाकडे वळल्यावर

पाकळ्या झडल्या, तरी फूल आठवडाभर जागेवर घट्ट आहे, तळ फुगतो आहे आणि देठ जाड होतो आहे, म्हणजे फळ धरलं. हलक्या बोटाने हलवून बघा. सुटणारं असेल तर लगेच सुटतं. या काळातही पाण्याची लय मोडू देऊ नका.

घोसात दोन-तीन फळं धरली असतील तर एकच ठेवा, मधलं, सरळ देठाचं. फांदीवर दोन फळांत साधारण १५ सेंटिमीटर अंतर राहील इतकी विरळणी करा. फळ लिंबाएवढं होण्याच्या आत हे उरकावं. इराणमधल्या बागांत मुकुटातले वाळलेले पुंकेसर काढून टाकण्याची पद्धत आहे, कारण तिथे त्रास देणारा एक पतंग त्या झुबक्यातच अंडी घालतो. आपल्या झाडावर अळीचा त्रास होत असेल तर एखाद्या मऊ, कोरड्या ब्रशने मुकुट साफ करता येतो. त्यानंतर फळावर कागदाची किंवा पातळ कापडाची पिशवी चढवा, तोंड देठाशी सैल बांधा आणि पावसाचं पाणी आत साचणार नाही असं बघा.